न्यूटनची चाळीस वर्षे



‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत जगभर गायले जाते आणि त्याच्या जन्माची कथाही अनेकांना तोंडपाठ असते. गुलामांचा व्यापार करणारा जॉन न्यूटन वादळात सापडला, त्याने देवाचा धावा केला, धंदा सोडला आणि हे गीत लिहिले. प्रवचनात ही कथा दोन मिनिटांत सांगून होते.

इतिहासाला एवढी घाई नव्हती. मार्च १७४८मध्ये अटलांटिक समुद्रात ‘ग्रेहाउंड’ जहाज बुडण्याच्या बेतात होते आणि न्यूटनने देवाला हाक मारली, हे खरे. पण १७५० ते १७५४ या काळात तोच न्यूटन कप्तान होऊन गुलामांची जहाजे हाकत होता. जहाजावर तो उपासना चालवी आणि खाली माणसे साखळदंडांत जखडलेली असत. समुद्र सुटला तो आजारपणामुळे. १७६४मध्ये तो ओल्नी गावचा पाळक झाला. गीत तिथलेच, १७७३च्या पहिल्या दिवशीच्या प्रार्थनासभेसाठी लिहिलेले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने पत्रक छापले ते १७८८ साली, वादळानंतर तब्बल चाळीस वर्षांनी. त्यात आपल्या सहभागाची शरम त्याने उघडपणे मांडली. १८०७च्या मार्चमध्ये ब्रिटिश संसदेने हा व्यापार बंद केला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूटन वारला.

या चाळीस वर्षांचे करायचे काय? टीकाकार त्यांवर बोट ठेवून न्यूटनला ढोंगी ठरवतात. भाविक ती वर्षे कथेतून गाळून टाकतात. दोघांचाही समज एकच: कृपा म्हणजे एका क्षणाचा चमत्कार, ती झाली की माणूस पुरा. क्षमा एका क्षणात मिळते, ही ख्रिस्ती श्रद्धा आहेच. पण त्या क्षमेने आपल्या पोटापाण्याच्या धंद्याकडे पाहण्याची नजर यायला माणसाला अर्धे आयुष्य लागू शकते. त्या काळात जे साखळदंडांत मेले, त्यांच्यासाठी हा उशीर भयंकर होता. कृपेची कथा सांगणाऱ्याने हेही सांगितले पाहिजे.

उलट बाजूचा गैरसमज फार जुना आहे. कृपा आहेच, मग पाप करायला हरकत काय, हा प्रश्न पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात स्वतःच उभा केला आणि तिथल्या तिथे खोडून काढला. जर्मन पाळक डीट्रिख बोनहॉफर याने १९३७मध्ये अशा स्वस्त कृपेवर लिहिले, तेव्हा त्याच्या देशातली कितीतरी चर्चे हिटलरपुढे मान तुकवून उभी होती. बोनहॉफरला नाझींनी १९४५च्या एप्रिलमध्ये फाशी दिले.

वसईचे कॅथलिक आणि अहिल्यानगरचे प्रोटेस्टंट एका सभागृहात बसतात, तेव्हा आणखी एक गोष्ट बोलायला हवी. कॅथलिक कर्मांनी तारण कमावतात, असे प्रोटेस्टंट घरांतून अजून ऐकू येते. कॅथलिक चर्चच्याच ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७मध्येच म्हटले होते की नीतिमान ठरण्याआधीचे कोणतेही कर्म ही कृपा कमावू शकत नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि लुथरन चर्चने या विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. सगळे मतभेद त्याने मिटले नाहीत, पण एवढा जुना आरोप तरी आता खाली ठेवता येईल.

आपल्या घरांत मात्र सर्वांत खोल रुजलेला समज वेगळाच आहे. मुलगा पास झाला, दुखणे बरे झाले, की देवाची कृपा. मग नापास झालेल्याचे काय? पंडिता रमाबाईंच्या आयुष्याला ही फूटपट्टी लावून पाहावी. आईवडील दुष्काळाच्या हालअपेष्टांत गेले, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले, आणि १९२१मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. १८८३मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेऊनही ख्रिस्त आपल्याला खऱ्या अर्थाने भेटला तो पुढे काही वर्षांनी, असे त्यांनीच नमूद केले आहे. केडगावात दुष्काळातून आणलेल्या मुलींना त्यांनी आसरा दिला, तो पुण्याचा हिशेब जमवण्यासाठी नव्हे. जे आपल्याला कमावल्याशिवाय मिळाले, ते या मुलींकडूनही किंमत न मागता द्यायचे होते. मुलीमागून वर्षभरातच त्याही गेल्या; त्यांचे बायबलचे मराठी भाषांतर पुढे १९२४मध्ये प्रसिद्ध झाले.

मराठी ख्रिस्ती लेखनात साक्षीची पुस्तके पुष्कळ आहेत. बहुतेकांत अंधार, मग उजेड, आणि पुस्तक संपते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेत तसे होत नाही. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५चा, लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधली ताटातूट, राग, सोवळेओवळे सोडतानाची तगमग, सगळे त्यांनी लिहिले. तरुण लेखकांकडे आज मागणे आहे ते या मधल्या वर्षांचे. बाप्तिस्म्यानंतरही घरात जात पाळली गेली असेल, भावाशी जमिनीचा दावा चालू राहिला असेल, सुनेला दिलेला त्रास थांबायला वीस वर्षे लागली असतील, तर ते लिहा.