घरबसल्या मदतनीस आणि आपला लहान व्यवसाय

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)

 समारंभास येऊ न शकलेल्या स्मरणिकेच्या वाचकांनाही हे चार शब्द उद्देशून आहेत.

आपल्या समाजात नोकरदारांपेक्षा लहान धंदेवाले अधिक. कोणी फॅब्रिकेशन करतो, कोणी फर्निचर, कोणी एसी दुरुस्ती, कोणाची बेकरी, कोणाच्या चार गाड्या कंपनीत लागलेल्या. हिंजवडी, वाकड, माण, मारुंजी या भागात फिरून पाहा. दिवसभर हातात वेल्डिंगचे यंत्र आणि रात्री जेवणानंतर समोर बिलांचा ढीग, हीच अवस्था घरोघर दिसेल. कोटेशन पाठवायचे राहून जाते, गिऱ्हाइकाचा फोन उचलला जात नाही, उधारी वसूल होत नाही. माणूस मेहनतीत कमी पडत नाही, तो कारकुनीत बुडतो. या कारकुनीसाठी मदतनीस ठेवावा, आणि तो दुकानात बसणारा नसून आपल्या घरून काम करणारा असला तरी चालेल, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

अशा मदतनिसाला हल्ली ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ म्हणतात. नाव ऐकून बिचकू नका. माणूस खराच असतो, फक्त आपल्यासमोर खुर्ची टाकून बसत नाही. फोन, ईमेल आणि संगणक यांच्या साह्याने तो कोंढव्यातून, मिरजेतून किंवा मालेगावातूनही आपले काम करतो.

हे अशक्य वाटत असेल तर हिंजवडीकडेच पाहा. मुळशी तालुक्यातील हे एक शेतीचे गाव. तेथे राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिले, आणि इन्फोसिस, विप्रो यांसारख्या कंपन्यांतील आपली मुले युरोप-अमेरिकेतील कचेऱ्यांची कामे येथे बसून करू लागली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा हीच मुले कचेरीतून उठून घरी बसली, तरी कामे चालू राहिली. ज्या गावाचे वैभव दूर बसून केलेल्या कामावर उभे आहे, त्याच गावच्या रस्त्यावरील लहान कारखानदाराने मात्र सर्व कागद स्वतःच लिहावेत, हे विचित्र नाही काय?

ही कल्पना आपल्याला परकीही नाही. हजरत खदीजा (रजि.) या मक्केतील मोठ्या व्यापारी. त्यांचा माल शामकडे जाई, पण त्या स्वतः काफिल्याबरोबर जात नसत, विश्वासू माणसे नेमत. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सचोटीची कीर्ती ऐकून त्यांनी आपला माल त्यांच्याकडे सोपविला आणि इतरांना देत त्यापेक्षा अधिक मोबदला देऊ केला. विश्वासू माणूस शोधणे आणि त्याला चांगला मोबदला देणे, हे दोन्ही धडे त्यात आहेत.

कुरआन शरीफमधील सर्वांत मोठी आयत, सूरह बकरहमधील २८२ वी, देण्याघेण्याच्या लिखापढीबद्दलच आहे. मुदतीचा व्यवहार लहान असो वा मोठा, तो लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नये, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, मजकूर देणेकऱ्याने सांगावा, आणि लिहिणाऱ्याला त्रास पोहोचू नये, असा तिचा आशय आहे. म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वीच कातिबाचे काम आणि त्याचा मान दोन्ही ठरवून दिलेले आहेत.

आता प्रत्यक्ष काय करावे ते पाहू. प्रथम आठ दिवस एक वही ठेवा आणि कोणत्या कामात किती वेळ जातो ते लिहा. समजा रोज दोन तास कागदपत्रांत जातात. महिन्याचे २६ दिवस धरले तर ५२ तास झाले. तेवढ्या वेळात आपल्या हाताने किती माल तयार झाला असता, याचा हिशेब करा आणि मगच मदतनीस परवडतो की नाही ते ठरवा. ज्याचे काम दिवसाला अर्ध्या तासात उरकते, त्याने उगाच हा खर्च करू नये.

मदतनिसाला बिले तयार करणे, कोटेशन पाठविणे, गिऱ्हाइकांना वेळ देणे, उधारीची आठवण करणे, जीएसटीचे कागद वेळेत गोळा करून कर सल्लागाराकडे देणे ही कामे द्यावीत. जीएसटी १ जुलै २०१७ पासून आला. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना ११ आणि २० या तारखा पाळाव्या लागतात. चुकल्यास दिवसागणिक विलंबशुल्क चढते.

उधारीचे तर सांगूच नका. मोठ्या कंपनीला माल दिला की बिल महिनोन्‌महिने पडून राहते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना व सेवा देणाऱ्यांना संरक्षण दिले आहे. लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांहून अधिक ठेवता येत नाही, करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, आणि उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी करून ठेवावी. ती विनामूल्य आहे, एजंटाला पैसे देण्याचे कारण नाही. पण कायदा आपल्या दारात पैसे आणून टाकत नाही. बिलाची तारीख, माल पोहोचल्याची पावती आणि आठवणीची पत्रे यांची फाईल व्यवस्थित हवी. ती ठेवणारा माणूस हाच मदतनीस.

मात्र काही गोष्टी स्वतःकडेच ठेवा. भाव ठरविणे, गिऱ्हाइकाला शब्द देणे आणि पैशांची किल्ली. बँकेचा पासवर्ड, यूपीआयचा पिन आणि मोबाईलवर येणारा ओटीपी कोणालाही देऊ नये, मग तो सख्खा भाऊ का असेना. बँकेचा उतारा पाठवून हिशेब लिहिता येतो, त्याला पासवर्ड लागत नाही. आजकाल संगणक स्वतःच पत्रे लिहून देतो. तीही वाचून, तपासून मगच पाठवावीत. विवरणपत्रात चूक निघाली तर नोटीस मालकाच्या नावे येते, म्हणून आठवड्यातून एकदा तासभर बसून सर्व काम नजरेखालून घालावे.

आणि आता मुख्य मुद्दा. हा मदतनीस कोठे मिळेल? तो आपल्याच घरात आहे. आपल्या मुली बी.कॉम. होतात, एमएस-सीआयटी करतात, टॅली शिकतात आणि मग घरी बसतात. कोणाचे सासर दूर, कोणाचे मूल लहान, कोणाला रात्रीचा प्रवास नको. त्यांच्यासाठी रोजचे दोन-तीन तासांचे काम ही सन्मानाची रोजी आहे. परंतु येथे आपल्या समाजाची एक खोड आड येते. भाचीकडून, सुनेकडून, मुलीकडून वर्षभर बिले लिहून घ्यायची आणि ‘घरचीच आहे, तिला कसले पैसे?’ असे म्हणायचे. वेल्डरचा पगार शनिवारी चुकत नाही, मग लिहिणारीचा का चुकावा? घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्या, ही शिकवण घामाच्या कामापुरतीच नाही.

म्हणून काम, वेळ, मोबदला आणि गुप्तता या चार गोष्टी एका कागदावर लिहा, दोघांनी सही करा. एक महिना एकच काम देऊन पाहा, जमले तर वाढवा. पैसे ठरल्या तारखेला तिच्या स्वतःच्या खात्यात जमा करा.

संस्थेच्या चालकांना माझी विनंती आहे की, वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनींना मराठी टंकलेखन, इंग्रजी व्यापारी पत्रव्यवहार आणि फोनवर बोलण्याची रीत शिकवावी. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलींना याची विशेष गरज आहे. आणि आपल्या ओळखीच्या धंदेवाल्यांशी त्यांची गाठ घालून द्यावी. एका बाजूला कामाखाली दबलेला बाप, दुसऱ्या बाजूला कामावाचून बसलेली शिकलेली मुलगी, असे चित्र ज्या मोहल्ल्यात आहे तेथे शिक्षणाचा खर्च अर्धा वायाच गेला असे मी समजतो. तो वाया जाऊ न देणे आपल्या हाती आहे. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो. आमीन.