सर्वांत कमी दराची किंमत कोण मोजतो?



या परिषदेचा अध्यक्ष म्हणून मी बोलतो आहे. निविदा काढणारे, भरणारे, तपासणारे आणि त्या निविदेच्या कामावर राबणाऱ्यांची बाजू मांडणारे असे सगळे एका मांडवाखाली येण्याचे प्रसंग फार थोडे. म्हणून मी आज एकच मुद्दा मांडणार आहे. सरकारी कामावरच्या मजुराचा पगार महिनाअखेरीला कापला जातो, पण तो कापला जाणार हे निविदा मंजूर होते त्याच दिवशी ठरलेलं असतं. त्या मंजुरीवर सही आपली असते.

हिशेब करून पाहू. समजा, एका सफाई कामगाराचं महिन्याचं किमान वेतन १५,००० रुपये आहे. मालकाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये. कामगार राज्य विम्याची वर्गणी ३.२५ टक्के, म्हणजे ४८७ रुपये ५० पैसे. किमान बोनस ८.३३ टक्के, म्हणजे १,२४९ रुपये ५० पैसे. बेरीज झाली १८,५३७. यात उपदान (ग्रॅच्युइटी) नाही, भरपगारी रजा नाही, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीचा बदली माणूस नाही, हातमोजे आणि गमबूट नाहीत, कंत्राटदाराचा नफाही नाही. आता निविदेच्या पाकिटातून माणशी १६,००० रुपयांचा दर निघाला आणि आपण तो ‘एल-वन’, म्हणजे सर्वांत कमी दर, म्हणून मंजूर केला, तर दरमहा माणशी २,५३७ रुपये कुठून येणार? पन्नास कामगारांचे महिन्याला १,२६,८५० आणि वर्षाला १५,२२,२०० रुपये होतात. कंत्राटदार ते घरून आणत नाही. पगार खात्यात पूर्ण जमा होतो आणि मुकादम एटीएम कार्डं गोळा करून ठेवतो. निधी कापला जातो, पण भरला जात नाही. हजेरीपटावर सव्वीस दिवस लागतात आणि हातात बावीस दिवसांचे पैसे पडतात. हे प्रकार आपल्यातल्या कोणाला नवे नाहीत.

न्यायालयाने हे फार पूर्वी ओळखलं. १९८२ मध्ये दिल्लीत आशियाई क्रीडा स्पर्धांसाठी क्रीडांगणं आणि उड्डाणपूल उभे राहत होते. मजुरांचं किमान वेतन दिवसाला सव्वानऊ रुपये होतं. मधला जमादार त्यातला एक रुपया काढून घेई आणि मजुराच्या हातावर सव्वाआठ रुपये ठेवी. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा सरकारी यंत्रणांचं म्हणणं होतं की मजूर कंत्राटदाराचे आहेत, आमचे नाहीत. न्यायमूर्ती भगवती यांनी ते मानलं नाही. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम ही संविधानाच्या कलम २३ ने मनाई केलेली वेठबिगारीच आहे, आणि काम कंत्राटदारामार्फत करून घेतलं म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही, असं त्या निकालाने स्पष्ट केलं. पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी कामांबाबतही न्यायालयाने हाच दंडक लावला. दुष्काळ निवारणाचं काम म्हणून मजुरी कमी, ही सबब चालली नाही.

कायदाही गप्प नव्हता. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात दोन तरतुदी होत्या. पगारवाटपाच्या वेळी मूळ मालकाचा, म्हणजे काम देणाऱ्या यंत्रणेचा, प्रतिनिधी हजर हवा, आणि कंत्राटदाराने पगार थकवला तर तो मूळ मालकाने द्यावा. आता २०२० ची कामगार संहिता आली आहे. तीही पगाराची अंतिम जबाबदारी मूळ मालकावरच ठेवते. मात्र कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा वीस कामगारांवरून पन्नासवर गेली आहे. कामाचे तुकडे करून प्रत्येक तुकडा मर्यादेच्या आत बसवणं किती सोपं असतं, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. म्हणून आपली जबाबदारी कमी न होता वाढली आहे.

मुंबईचं उदाहरण आपल्या सर्वांच्या समोर आहे. शहराचा कचरा उचलणाऱ्या कामगारांनी कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या झेंड्याखाली वर्षानुवर्षं लढा दिला. कंत्राटं कागदोपत्री आहेत, खरा मालक महापालिकाच आहे, हे त्यांचं म्हणणं औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये मान्य केलं आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा तो निवाडा उचलून धरला. कामगार जिंकले, याचा आनंद आहेच. पण जो हिशेब निविदेच्या मसुद्यात चार ओळींत सुटला असता, तो सोडवायला देशातल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, याची आपल्याला खंत वाटली पाहिजे.

मित्रहो, दर फार खाली गेला तर काय होतं हे शासनाला कळत नाही असं नाही. रस्त्याची निविदा अंदाजपत्रकापेक्षा फार ‘बिलो’ आली, की आपण दरपृथक्करण मागतो, जादा सुरक्षा ठेव घेतो. एवढ्या पैशांत डांबर कमी पडेल ही भीती आपल्याला असते. मग एवढ्या पैशांत मजुरी कमी पडेल ही भीती का नसावी? डांबराचा नमुना प्रयोगशाळेत जातो, सिमेंटचा ठोकळा अठ्ठाविसाव्या दिवशी फोडून पाहिला जातो. पगाराच्या पावतीची तपासणी मात्र कंत्राटदाराच्या हमीपत्रावर भागवली जाते.

हा विचार काही नवा नाही. ब्रिटिश संसदेने १८९१ मध्येच ठराव केला की सरकारी कंत्राटदाराने त्या धंद्यात प्रचलित असलेलं रास्त वेतन दिलं पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९४९ मध्ये सार्वजनिक कंत्राटांतील कामगारविषयक अटींचा करार क्रमांक ९४ केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. स्कॉटलंडच्या सरकारने २०२३ पासून अनुदानालाही हा नियम जोडला आहे. जगण्यापुरतं वेतन द्या, कामगाराला आपलं म्हणणं मांडायची सोय द्या, मगच सरकारचं अनुदान घ्या.

अनुदानाचा मुद्दा आपल्याकडे तितकाच महत्त्वाचा आहे. एका आकड्यावर सही करून दुसराच आकडा घरी नेणारे शिक्षक, संस्थेला अनुदान मिळेपर्यंत बिनपगारी राबणारे कर्मचारी, मानधनाच्या नावाखाली पूर्ण वेळ काम करणाऱ्या अंगणवाडी सेविका, या सगळ्यांचा प्रश्न एकच आहे. अंगणवाडी सेविकांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे सांगायलाही २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. ज्या महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा देशात पहिल्यांदा केला आणि मजुराच्या हक्काला कायद्याचा आधार दिला, त्या महाराष्ट्राने या बाबतीत मागे राहू नये.

यावर आक्षेप येतील. खर्च वाढेल, असं म्हटलं जाईल. पण तो खर्च आजही होतोच आहे, फक्त तो सर्वांत गरीब माणसाच्या ताटातून होतो. लहान कंत्राटदार टिकणार नाही, असंही म्हटलं जाईल. उलट आज प्रामाणिक लहान कंत्राटदारच बाहेर फेकला जातो, कारण पगार पूर्ण धरून दर भरला की तो हरतो. त्याची एक तक्रार मात्र शंभर टक्के खरी आहे. त्याची बिलं महिनोन्महिने थकतात. सरकारने आपलं देणं वेळेवर दिलं नाही, तर पगाराबद्दल त्याला जाब विचारण्याचा नैतिक अधिकार आपल्याकडे उरत नाही.

म्हणून माझ्या सूचना अशा आहेत. मजुरी आणि वैधानिक देणी निविदेतच ठरवून द्यावीत, स्पर्धा फक्त व्यवस्थापनाचा खर्च आणि नफा यांवर व्हावी, आणि जवळजवळ शून्य नफ्याची निविदा बाद व्हावी. गुणवत्तेला गुण देण्याची मुभा जिथे आहे, तिथे मागच्या तीन वर्षांतल्या पगार आणि निधी भरण्याच्या नोंदींना गुण द्यावेत. प्रत्येक बिलासोबत कामगारनिहाय बँक जमा आणि निधीचं चलन जोडलं जावं, आणि ती यादी कामाच्या जागी मराठीत लावली जावी. कंत्राट बदललं तरी काम करणारे कामगार तेच राहावेत, त्यांची सेवा सलग धरली जावी. अनुदानाच्या प्रत्येक आदेशात हीच अट असावी. आणि पगार बुडवणारा काळ्या यादीत जावा, तसाच परवडणारच नाही असा दर डोळे मिटून मंजूर करणारा अधिकारीही लेखापरीक्षणात उत्तरदायी ठरावा.

यातल्या बहुतेक गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही. आपल्या पुढच्या निविदेच्या मसुद्यात त्या घालता येतात. परतल्यावर आपल्या टेबलावर जी पहिली निविदा येईल, तिच्यातला मजुरीचा हिशेब आपल्या हाताने मांडून पाहा. तो जुळत नसेल तर त्या फाइलवर सही करू नका, एवढीच माझी आपणा सर्वांना विनंती आहे.