जुना नकाशा आणि संगणक
(कलशारोहण समारंभात नकाशा-कामाविषयी झालेले भाषण)



मी वक्ता नव्हे. रेघा मारणे हा माझा धंदा. देवळाचा जुना नकाशा स्वच्छ करून देण्याची सेवा पंचांनी माझ्यावर सोपविली. तिची हकीकत सांगण्याची आज्ञा झाली, म्हणून उभा आहे.

देवस्थानच्या पेटीत निघाला तो ‘ब्ल्यू प्रिंट’, म्हणजे निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा. ही पद्धत सर जॉन हर्शेल यांनी १८४२ साली शोधली. उजेडाने हा निळा रंग विटतो. शिवाय आपल्या कागदाला घड्या, वाळवी आणि तेलाचे डाग. म्हणून मूळ कागदाला हात न लावता, इंचाला ४०० ठिपके या मापाने तो स्कॅन करून घेतला. नकाशा पाव इंचास एक फूट या प्रमाणाचा. म्हणजे देवळाचा एक फूट संगणकात १०० ठिपक्यांचा झाला. सभामंडपाला प्रत्यक्ष टेप लावली तर २४ फूट. चित्रात मात्र २,३७६ ठिपके. कागद शेकडा एकाने आटला होता! उभी-आडवी मापे पडताळून तो फरक काढला.

पुढे ‘गिम्प’ या विनामूल्य प्रणालीत चित्र सरळ केले, रंग उलटवून रेघा काळ्या केल्या आणि सुटे ठिपके पुसण्याची आज्ञा दिली. क्षणात डाग नाहीसे झाले. मी खूष!

तो नकाशा आपल्या थोरल्या गवंडीबाबांनी पाहिला आणि विचारले, “अरं पोरा, देवाच्या अंगावरचं पाणी जाणार कुठनं?” मी चपापलो. गाभाऱ्याच्या फरशीखालून उत्तरेच्या गोमुखाकडे जाणारी मोरी मूळ नकाशात तुटक ठिपक्यांनी दाखविलेली होती. डागांबरोबर तीही पुसली गेली होती. दोनच दिवसांनी तेथे काँक्रीट पडायचे होते. पहिले स्कॅन जपून ठेवले होते, म्हणून मोरी वाचली. चूक यंत्राची नव्हे, माझी.

अशी फसगत मोठ्या देशांतही होते. २०१३ साली जर्मनीत डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञाच्या ध्यानात आले, की यंत्राने घराच्या नकाशातील आकडेच बदलले आहेत, २१.११ चौरस मीटरच्या खोलीवर १४.१३ छापून आले. चित्र लहान करताना यंत्राने सारखे दिसणारे आकडे एकच मानले होते.

यंत्राला डाग कोणता आणि मोरी कोणती हे कळत नाही. ते जाणत्या माणसालाच कळते. म्हणून मूळ कागद, पहिले स्कॅन आणि स्वच्छ नकाशा अशा तिन्ही वस्तू पंचांच्या स्वाधीन केल्या आहेत. आपल्या घरीही देवळाचे जुने फोटो, हिशेबाच्या वह्या असतील. कृपा करून त्या रद्दीत घालू नका, देवस्थानाला दाखवा. पुढच्या जीर्णोद्धाराला आपण नसू, ते कागद असतील.

गवंडीबाबांना नमस्कार करून माझे दोन शब्द संपवितो.