पदवी हाती, निर्णय कुणाच्या हाती?



परभणी जिल्ह्यातील तरुणांच्या प्रश्नांची चर्चा निघाली की बेकारी, शेती, स्पर्धा परीक्षा आणि पाणी हे विषय हमखास पुढे येतात. लग्नाचा विषय मात्र घरगुती मानून बाजूला ठेवला जातो. तो राजकारणाचा विषय नव्हे, अशी समजूत पुरोगामी म्हणविणाऱ्या कार्यकर्त्यांतही खोलवर रुजलेली आहे. वास्तविक जात, मालमत्ता, स्त्रीचे दास्य आणि शेतकऱ्याचे कर्ज या चारही गोष्टी एका मांडवाखाली एकत्र येतात त्या लग्नाच्याच दिवशी. म्हणून पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींच्या लग्नाकडे जरा बारकाईने पाहणे अगत्याचे आहे. शिक्षणाने माणूस स्वतंत्र होतो, या विश्वासाची कसोटी येथे लागते.

आधी जिल्ह्याची स्थिती ध्यानात घ्यावी. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार परभणी जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांचे लग्न वयाची १८ वर्षे पुरी होण्यापूर्वीच झालेले होते. संपूर्ण महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. मुलीचे किमान वय १८ व मुलाचे २१ करणारी कायद्यातील दुरुस्ती १९७८ सालची आहे. म्हणजे कायदा होऊन चाळीस वर्षे लोटल्यावरही येथील जवळजवळ निम्म्या मुलींपर्यंत तो पोहोचलेला नव्हता.

याचे खापर केवळ अज्ञानावर फोडणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. ऊसतोडीच्या कामात मजुरांची गणती कोयत्यावर होते आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल मिळते ती जोडीला. मुलाचे लग्न झाले की घरात एक कोयता वाढतो. आईबाप सहा महिने फडावर गेल्यावर वयात आलेल्या मुलीला गावात कुणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न वेगळाच. त्यात गावातली शाळा दहावीला संपते. मुलगी जितकी लहान तितका हुंडा कमी, हा हिशेबही असतोच. बालविवाहाला परंपरेइतकाच मजुरीच्या व्यवस्थेचाही टेकू आहे, हे समाजवाद्यांनी तरी विसरता कामा नये.

या पार्श्वभूमीवर परभणीच्या कृषी विद्यापीठात किंवा शहरातल्या एखाद्या महाविद्यालयात एम.एस्सी. वा एम.ए. करणारी पंचविशीतली मुलगी उभी राहते, तेव्हा ती किती वाटा चुकवून आलेली असते याची कल्पना यावी. तिच्या वर्गातल्या निम्म्या मैत्रिणी कधीच सासरी गेल्या; काहींची मुले शाळेत जाऊ लागली. एस.टी.चा पास, वसतिगृहातली एक खाट, शिष्यवृत्तीचे उशिरा येणारे पैसे आणि आईने घरखर्चातून मागे टाकलेली चिल्लर यांवर तिचे शिक्षण झाले. पहाटे प्रक्षेत्रावर जाऊन रोपांच्या नोंदी घ्याव्यात, दुपारी प्रयोगशाळेत उभे राहावे, संध्याकाळी मेसची पातळ डाळ आणि भाकरी खावी, रात्री प्रबंधाची पाने लिहून झाल्यावर लोकसेवा आयोगाचे पुस्तक उघडावे, असा तिचा दिवस. आणि रविवारी घरून फोन येतो : एक स्थळ आले आहे, मुलगा नोकरीला आहे, दोन दिवसांसाठी येऊन जा.

या दिनक्रमातच कधीतरी प्रेमही जमते. त्याचे स्वरूप सिनेमातल्यासारखे नसते. सोबतच्या विद्यार्थ्याने परीक्षेच्या काळात टिपणे लिहून दिलेली असतात, तिच्या वडिलांच्या आजारपणात रात्री मोटारसायकलवर स्थानकापर्यंत सोडलेले असते. तिने त्याचे परीक्षा शुल्क वेळेवर भरलेले असते. कष्टाच्या सोबतीतून उगवलेले हे प्रेम संयमी आणि शहाणे असते. दोघेही जातीच्या, हुंड्याच्या, स्त्री-पुरुष समतेच्या प्रश्नांवर वसतिगृहात तावातावाने बोललेले असतात, जयंतीच्या कार्यक्रमांतून त्यांनी भाषणेही केलेली असतात. परंतु बायोडाटा तयार करण्याची वेळ आली की त्यावर जात, पोटजात, कुळी, जन्मवेळ आणि शेतीचे एकर हे रकाने भरले जातात. मते वसतिगृहातच राहतात आणि पदवी तेवढी गावी जाते.

१९७२ साली स्थापन झालेल्या या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ नावाचे भेंडीचे वाण दिले. लागवडीची भेंडी पिवळ्या शिरांच्या विषाणुरोगाला बळी पडत असे. शास्त्रज्ञांनी तिचा संकर तिच्या रानटी भाऊबंदाशी केला, पुढे पिढ्यानपिढ्या निवड केली आणि रोगाला दाद न देणारे वाण तयार झाले. ही कथा विद्यार्थी परीक्षेत लिहितात आणि त्याबद्दल गुणही मिळवितात. माणसांच्या जाती या वनस्पतींच्या जातींसारख्या निसर्गाने केलेल्या नाहीत, तेव्हा ही उपमा फार ताणू नये. उलट मुद्दा असा की, भेंडीच्या दोन जातींमध्ये निसर्गाने घातलेली भिंत प्रयोगशाळेत ओलांडता येते. पण माणसांत निसर्गाने कोणतीच भिंत घातलेली नसताना केवळ माणसाने रचलेली भिंत त्याच प्रयोगशाळेतल्या पदवीधराला ओलांडता येत नाही. विज्ञान शिकणे आणि विज्ञानाने जगणे यांत एवढे अंतर पडले आहे.

मुलांच्या बाबतीत पदवीने आणखी एक अनर्थ केला. तिने त्यांचा भाव ठरविला. हुंडा देणे आणि घेणे हे दोन्ही १९६१ च्या कायद्याने गुन्हे आहेत. तरी सरकारी नोकरी, खासगी नोकरी, नोकरीची आशा आणि नुसती शेती अशी वरांची उतरती भाजणी गावोगाव सर्वांना तोंडपाठ असते. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, ही या व्यवहाराचीच दुसरी बाजू. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेषात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा काढला, तेव्हा पुष्कळांना हसू आले. तो हसण्याचा विषय नव्हता. मुली गर्भातच नाहीशा करणाऱ्या समाजाने आणि शेतीला तोट्याचा धंदा करून ठेवणाऱ्या धोरणाने मिळून ती वरात काढली होती.

ज्याच्या घरी मुलगी आहे त्याची अवस्था तर याहून बिकट. कापूस-सोयाबीनच्या भावात बियाण्याचा खर्च निघत नाही, पण बस्ता, मानपान, मंगल कार्यालय, जेवणावळी आणि वरातीतला डीजे यांत काटकसर केली तर भावकीत नाक कापले जाते. सावकाराचे कर्ज काढून घातलेला मांडव दुसऱ्या दिवशी उतरतो. कर्ज वर्षानुवर्षे उतरत नाही. शेजारच्या लातूर जिल्ह्यात २०१६ व २०१७ साली आपल्या लग्नाचा भार बापाला पेलणार नाही म्हणून दोन शेतकऱ्यांच्या मुलींनी जीव दिला. अशा मृत्यूंना आत्महत्या म्हणून मोकळे होणारा समाज स्वतःची जबाबदारी झटकत असतो.

साधे, जात न मानणारे आणि परस्पर संमतीचे लग्न ही महाराष्ट्राला परकी कल्पना आहे काय? मुळीच नाही. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी झाली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला सावित्रीबाईंच्या पुढाकाराने पुरोहिताविना, हुंड्याविना पहिला सत्यशोधक विवाह लागला. पुढे १९४६ साली रत्नागिरीत सुनीता ठाकूर आणि पु. ल. देशपांडे यांनी नोंदणी पद्धतीने लग्न केले. वैद्यकीय शिक्षण सोडून राष्ट्र सेवा दलाच्या कामात उतरलेल्या मृणाल मोहिले यांनी १९४८ साली समाजवादी कार्यकर्ते केशव गोरे यांच्याशी जातीची रेघ ओलांडून संसार मांडला. परंपरा सांगायचीच तर ही आहे. ज्या चळवळीने हे दाखले घालून दिले, तिच्याच आजच्या कार्यकर्त्याच्या घरी पाचशे पानांच्या पंगती उठाव्यात आणि व्यासपीठावरून हुंडाबंदीची भाषणे व्हावीत, ही विसंगती विरोधकांपेक्षा अधिक नुकसान करते.

कायद्याची वाट आहे, पण ती सरळ नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करावयाचे तर दोघांपैकी एकाने किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेले असले पाहिजे. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती कचेरीत लावली जाते. कायमचे घर दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर तिची प्रत तिकडेही पाठविली जाते. ३० दिवस कोणालाही हरकत घेता येते. हरकतीची कारणे कायद्याने मोजून दिलेली आहेत : वय, आधीचे हयात लग्न, निषिद्ध नाते, संमती देण्यास असमर्थ अशी मानसिक अवस्था. जात किंवा धर्म हे हरकतीचे कारण होऊच शकत नाही. पण भावकीला कायद्यातली हरकत घ्यायचीच नसते. तिला फक्त नावे कळण्याशी कारण असते, आणि ती कळविण्याचे काम सरकारी फलक फुकटात करतो. नोटीस प्रसिद्ध करण्याची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये दिला. कायद्याच्या मजकुरातून मात्र ती तरतूद गेलेली नाही.

शासनाचे धोरणही दुतोंडी आहे. आंतरजातीय विवाह करणाऱ्या जोडप्याला ५० हजार रुपये साहाय्य देण्याची योजना महाराष्ट्रात आहे. आणि याच महाराष्ट्रात १३ डिसेंबर २०२२ रोजी आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाह केलेल्यांची माहिती गोळा करण्यासाठी शासनाने समिती नेमली. टीका झाल्यावर दोनच दिवसांत ‘आंतरजातीय’ हा शब्द वगळला, ‘आंतरधर्मीय’ राहिला. सज्ञान स्त्री-पुरुषांच्या लग्नाला घरच्यांची, बिरादरीची वा गटाची संमती आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात २७ मार्च २०१८ रोजी स्पष्ट केलेले आहे. अशा जोडप्यांच्या रक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष नेमावेत, असेही बजावले आहे. तो कक्ष परभणीत कोणत्या खोलीत बसतो, त्याचा फोन कोण उचलतो, हे कार्यकर्त्यांनी जाऊन पाहावे. निवडणुकीच्या सभेहून हे काम कमी राजकीय नाही.

लग्न झाले म्हणजे प्रश्न संपला, असेही नाही. अर्ध्यावर आलेला प्रबंध बहुधा सुनेचाच अडतो, मुलाचा अडत नाही. गंगाखेडच्या जनाबाईंना दळता-कांडताना अभंग सुचले याचा अभिमान जिल्हा मिरवितो. पण त्यांच्या वाट्याला जन्मभर दुसऱ्याच्या घरचे दळण आले, याची खंत कुणाला वाटत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला बाळंतपण व अपत्यसंगोपनासाठी २४० दिवसांची रजा दिली. रजा कागदावर आहे. ती संपल्यावर मूल कोण सांभाळणार, सकाळच्या भाकरी कोण थापणार, हे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. ते नवऱ्याने स्वतः लिहावयाचे असते. प्रेम करून लग्न केलेल्या पुरुषाने त्या दिवशी भाकरी थापायला घेतली, तर वसतिगृहातल्या चर्चा फुकट गेल्या नाहीत असे म्हणता येईल.

येथे आईबापांना खलनायक ठरविण्याचे कारण नाही. मुलीने आपल्या मनाने लग्न केले तर धाकटीचे जमणार नाही, गावात बहिष्कार पडेल, पिकाला पाणी द्यायलाही शेजारी येणार नाही, ही भीती खरी असते. ती उपदेशाने जात नाही. गावातली चार माणसे त्या बापाच्या ओट्यावर जाऊन बसली, लग्नानंतरही त्याच्याकडे चहा प्याली, धाकटीच्या सोयरिकीत पुढे झाली, तरच ती ओसरते.

तेव्हा काम अगदी साधे आणि अवघड आहे. गावातली मुलगी दहावीनंतर शाळा सोडते तेव्हा तिच्या घरी जावे. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलींसाठी हंगामी वसतिगृहाचा आग्रह धरावा. कार्यकर्त्याने स्वतःच्या आणि आपल्या मुलामुलींच्या लग्नात हुंडा, जात आणि उधळपट्टी यांना थारा देऊ नये. ज्या लग्नात हुंडा घेतला गेला त्या मांडवात पाऊल टाकू नये, मग तो मांडव पुढाऱ्याचा का असेना. विशेष विवाह कायद्याखालील लग्नाला तीन साक्षीदार लागतात. जिच्या बाजूने घरचे एकही माणूस उभे नाही अशी मुलगी परभणीच्या कचेरीत येईल, तेव्हा तिला ते तीन साक्षीदार शोधत फिरावे लागू नये. प्रत्येक तालुक्यात अशी तीन नावे आधीच ठरलेली असावीत. आणि सही करून घरी जाणारी नव्हेत, तर पुढच्या वर्षी तिचा प्रबंध पुरा झाला की नाही हे विचारायला येणारी असावीत.