हिंस्र माणसाच्या आत कोण असते?

(एका अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



खून, दरोडा, बलात्कार अशी बातमी आली की आपल्याकडे दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. एक पक्ष म्हणतो, 'हा माणूसच नव्हे. याला फासावर चढवा, नाही तर जन्मभर डांबून ठेवा.' दुसरा पक्ष म्हणतो, 'दोष परिस्थितीचा आहे. ती बदला म्हणजे गुन्हा आपोआप नाहीसा होईल.' आपण बहुतेक जण या दुसऱ्या पक्षातले आहोत. परंतु त्याच दारिद्र्यात वाढलेली लक्षावधी माणसे कोणावर हात उगारीत नाहीत. मग याच एकाने सुरा का उचलला, या प्रश्नाला आपल्याजवळ उत्तर नसते. ते शोधण्याचा एक चिकाटीचा प्रयत्न नेदरलंड्समध्ये झाला. त्याची ओळख आज करून द्यावयाची आहे.

त्या देशात १९२८ पासून 'टीबीएस' नावाची न्यायव्यवस्था आहे. गंभीर गुन्हा करणाऱ्याच्या मनोविकाराचा त्या गुन्ह्याशी संबंध होता आणि समाजाला त्याच्यापासून धोका आहे, असे न्यायालयाला पटले तर त्याला सक्तीने बंदिस्त रुग्णालयात ठेवता येते. पुष्कळदा तो आधी तुरुंगवास भोगतो आणि मग तेथे येतो. ठरावीक मुदतीनंतर न्यायालय पुन्हा विचार करते. सुधारणेची पायरी रजेवरून ओळखली जाते. आधी पहारेकऱ्यासह बाहेर जाणे, मग एकट्याने. आणि अशा रजेला न्यायखात्याची परवानगी लागते.

अशा माणसांवर उपचार करण्याविषयी जगभर निराशाच होती. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात पेनेटँग्विशीन येथील बंदिस्त मनोरुग्णालयात १९६० नंतरच्या काळात एक धाडसी प्रयोग झाला. कैद्यांना दिवसेंदिवस गटाने कोंडून, प्रसंगी विवस्त्र ठेवून, मादक द्रव्ये देऊन एकमेकांची मने उघडावयास लावण्यात आले. १९९२ साली त्यांचा मागोवा प्रसिद्ध झाला. ज्यांच्या ठिकाणी निर्दयतेची व कावेबाजपणाची लक्षणे तीव्र होती, ते सुटल्यानंतर उपचार न झालेल्या तशाच कैद्यांपेक्षा अधिक हिंसक निघाले. यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की, ही माणसे उपचाराच्या पलीकडची आहेत. वास्तविक सिद्ध झाले होते ते एवढेच, की तो उपचार घातक होता.

अमेरिकेतील मानसतज्ज्ञ जेफ्री यंग यांनी १९८० नंतरच्या दशकात 'स्कीमा-चिकित्सा' विकसित केली ती गुन्हेगारांसाठी नव्हे. नेहमीच्या उपचारांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी. स्कीमा म्हणजे मनाचा साचा. मुलाला सुरक्षितता हवी असते, माया हवी असते, तशीच मर्यादाही हवी असते. या गरजा सतत नाकारल्या गेल्या की 'मला सगळे सोडून जाणार', 'लोक माझा घात करणार', 'माझ्यातच काही खोट आहे' असे साचे तयार होतात. यंग यांनी असे १८ साचे नोंदले आहेत.

नेदरलंड्समध्ये डेव्हिड बर्नस्टीन, आर्नूड आर्न्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विचार हिंस्र गुन्हेगारांना लावला. साच्यापेक्षा त्यांनी भर दिला तो क्षणाक्षणाला पालटणाऱ्या मनोवस्थांवर. एक दादागिरी करून समोरच्याला दडपणारी. एक गोड बोलून फसविणारी. एक सर्वत्र शत्रू हुडकणारी. एक थंडपणे सावज टिपणारी. या सर्वांच्या मागे बहुधा दडलेले असते घाबरलेले, लाजविलेले, एकाकी मूल.

एक कल्पित प्रसंग घ्या. जेवणाच्या रांगेत कोणी तरी हसते. एका कैद्याला वाटते, आपल्यालाच हसला. क्षणभर जुना अपमान जागा होतो. तो सहन होत नाही म्हणून राग उसळतो, आणि रागाच्या आड उभे राहून तो ताटलीने समोरच्याचे डोके फोडतो. आपल्याला दिसते फक्त फुटलेले डोके. चिकित्सक तेथून एकेक कडी मागे जातो, आणि पुढच्या वेळी ही साखळी कोठे तोडता येईल हे त्या माणसालाच शोधावयास लावतो.

हे काम सोपे नाही. ज्याने कोणावर कधी विश्वास टाकला नाही, त्याला आधी विश्वास टाकावयास शिकवावे लागते. चिकित्सक पालकाची भूमिका मर्यादित प्रमाणात स्वीकारतो. तो आस्था दाखवितो आणि पालकाप्रमाणे ठाम नकारही देतो. 'आत्ता तुझी फसविणारी बाजू माझ्याशी बोलते आहे,' असे तो तोंडावर सांगतो, परंतु त्या माणसाला झिडकारीत नाही.

फळ काय मिळाले? आठ बंदिस्त रुग्णालयांतील १०३ पुरुषांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला तीन वर्षे स्कीमा-चिकित्सा, दुसऱ्याला तेथील नेहमीचा उपचार. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुधारणा दोन्ही गटांत झाली. परंतु स्कीमा-चिकित्सेच्या गटात व्यक्तिमत्त्वविकृतीची लक्षणे अधिक ओसरली आणि रजेच्या पायऱ्याही हा गट लवकर चढला. हा चमत्कार नव्हे. रजा मिळणे म्हणजे पुन्हा गुन्हा न करणे, असेही नव्हे. मात्र 'यांचे काही होऊ शकत नाही' हे विधान यापुढे कोणाला बेधडक करता येणार नाही.

आता एक कटू गोष्ट. २०१७ मध्ये त्याच देशात सायकलवरून निघालेल्या पंचवीस वर्षांच्या एका तरुणीवर अत्याचार करून तिचा खून करण्यात आला. खुनी पूर्वी बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला होता आणि शिक्षेच्या अखेरच्या काळात एका मनोरुग्णालयात राहत होता. पूर्वीच्या खटल्यात त्याने मानसिक तपासणीस सहकार्य नाकारले होते व त्याच्यावर टीबीएस लादले गेले नव्हते. त्या मुलीच्या आईबापांसमोर उभे राहून 'त्याच्याही आत एक घाबरलेले मूल आहे' असे सांगण्याचा अधिकार कोणाला आहे? मला वाटते, कोणालाही नाही. गुन्हेगाराला समजून घेण्याचे काम माफीसाठी करावयाचे नसून पुढचा बळी टळावा म्हणून करावयाचे आहे. ज्या घरातला माणूस गेला, त्याच्याकडे ही समजूत मागण्याचा आपल्याला हक्क नाही; ती जबाबदारी समाजाची आहे. बालपणी मार खाल्लेली बहुसंख्य माणसे हिंसक होत नाहीत, हेही विसरता कामा नये. बालपण हे कारण असू शकते, सबब नव्हे.

आपल्याकडे काय? २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार भारतातील तुरुंगांत सुमारे तीन चतुर्थांश बंदी अद्याप दोषी ठरलेले नव्हते. ते खटल्याची वाट पाहत होते. जेथे वकील वेळेवर मिळत नाही, तेथे तीन वर्षे चिकित्सक कोठून आणणार, हा प्रश्न रास्त आहे. परंतु याच महाराष्ट्रात, औंध संस्थानात, १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत उभी राहिली आणि तिच्या प्रेरणेतून 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट १९५७ साली निघाला. विश्वास टाकून माणूस बदलतो, ही कल्पना आपल्याला परकी नाही. डच प्रयोगाने तिच्यात दोन गोष्टींची भर घातली आहे: विश्वासाबरोबर कठोर मर्यादा, आणि फळाची प्रामाणिक मोजणी.

चिकित्सक तीस-चाळीस वर्षांच्या माणसात जे मूल शोधतो, ते आज आठ-दहा वर्षांचे होऊन कोठल्या तरी निरीक्षणगृहात, रेल्वेच्या फलाटावर, मारझोडीच्या घरात बसलेले आहे. त्याला शोधावयास मानसतज्ज्ञ लागत नाही. आपल्यापैकी कितीजण आपल्या जिल्ह्याच्या निरीक्षणगृहाची पायरी चढले आहेत, एवढेच मला या सभेला विचारावयाचे आहे.