अब्बांच्या आजाराचं नाव



मित्रमैत्रिणींनो, निवडणूक आली की या कन्हेरीत मारुतीपुढे नारळ फुटतो आणि पवारसाहेबांचा प्रचार सुरू होतो. 2004 मध्ये याच साहेबांना तोंडाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली, रेडिएशन झालं. तंबाखू-सुपारीची सवय, काढावे लागलेले दात, गिळताना-बोलताना होणारा त्रास, या सगळ्याबद्दल ते पुढे जाहीरपणे बोलले. आपल्या घरांत मात्र या आजाराचं नावही कुणी घेत नाही.

मीही घेतलं नाही. अब्बांना गुटख्याची सवय होती. 2012 साली राज्यात बंदी आली, पण पुडी मिळायची थांबली नाही. त्यांच्या गालातली जखम महिनाभर भरली नाही, तोंड दोन बोटंच उघडायला लागलं. तपासणीचा कागद मी खिशात घातला आणि सांगितलं, ''गाठ आहे, काढली की झालं.'' रेडिएशनच्या रांगेत शेजारच्या पेशंटने सहज विचारलं, ''तुमचा कॅन्सर कितव्या स्टेजचा?'' घरी आल्यावर अब्बांनी पाटी घेतली. बोलता येत नव्हतं. लिहिलं, ''सगळ्यांना माहीत होतं?''

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. रेडिएशनमध्ये खंड पडला की उपचाराचा जोर कमी होतो. माझ्या खोटेपणामुळे अब्बांचे दोन दिवस गेले. मग मी माफी मागितली, तो कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि अख्खा वाचून दाखवला. त्यांनी लिहिलं, ''उद्या किती वाजता?''

म्हणून पहिली गोष्ट ही : आजार ज्याचा आहे, त्याला आधी सांगा. निर्णय त्यांच्यासोबत घ्या, त्यांच्या पाठीमागे नको.

दुसरी गोष्ट, पैसा आणि गाडी जमवली म्हणजे काम संपत नाही. रेडिएशन साधारण सहा-सात आठवडे चालतं, आठवड्यातून पाच दिवस. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येतं, लाळ सुकते, चव जाते. याच काळात माणूस म्हणतो, ''बस झालं.'' तेव्हा घरच्यांनी सावरायचं असतं. दर आठवड्याला वजन करा, घटलं तर लगेच डॉक्टरांना सांगा. एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा गुळण्या करायला लावा. दुखण्याचं औषध दुखणं वाढायची वाट न पाहता वेळेवर द्या. नाकातून नळी घातली असेल, तर बसवूनच भरवा आणि नंतर अर्धा-पाऊण तास आडवं होऊ देऊ नका. नळी सरकली तर स्वतः आत ढकलू नका. जबडा आखडू नये म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम रोज करून घ्या. खराब दात रेडिएशनच्या आधीच दाखवा. नंतर दात काढायची वेळ आली, तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. रेडिएशन झालेलं हाड लवकर भरत नाही.

खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. उपचार सुरू होण्याआधीच रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा.

अब्बांचा रमजान त्यातच आला. नळीतून दूध नको, रोजा ठेवतो म्हणाले. इमामसाहेब घरी आले. आजाऱ्याला सवलत कुरआनानेच दिली आहे, सूरह बकरात, असं त्यांनी शांतपणे समजावलं. माझ्या दहा वेळा सांगण्याने जे झालं नाही, ते त्यांच्या एका भेटीने झालं. मदत मागायला लाजू नका.

आणखी एक, मुलांसाठी. मी दवाखान्याच्या फेऱ्या केल्या, लोकांनी माझं कौतुक केलं. रात्री उठून नळीतून भरवणारी, रक्ताची उशी धुणारी माझी बहीण होती. तिची परीक्षा बुडाली, ते कुणी विचारलं नाही. मीही उशिराच विचारलं. घरातल्या कामाच्या पाळ्या पहिल्याच दिवशी ठरवा, आणि त्यात आपलं नाव घाला.

आज अब्बा भाकरी दुधात कुस्करून खातात. तिखट चालत नाही. दर तपासणीला आम्ही दोघं जातो, कागद आधी ते वाचतात.

आज घरी गेल्यावर अब्बांना, मिसरी लावणाऱ्या अम्मीला, दादीला विचारा : तोंडात न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर डॉक्टरांना दाखवा. आणि तुमच्या खिशात पुडी असेल, तर ती आधी बाहेर काढा.