विमान मोडले तरी चालेल



विमानावर बोलायला कामगार चळवळीतला माणूस का उभा केला, अशी शंका आपल्यापैकी काहींना आली असेल. ती रास्त आहे. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढची शाळा म्हणजे लेथ मशीन, युनियनच्या कचेरीतले कपाट आणि रद्दीच्या दुकानातली पुस्तके. विमान आम्ही कधी चालवले नाही. पण २५ जुलै २०२२ रोजी एक गोष्ट घडली आणि तिने आम्हांला ह्या विषयाच्या नादी लावले.

त्या दिवशी आम्ही बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कराराच्या बोलण्यांसाठी गेलो होतो. तिथे शिकाऊ विमाने डोक्यावरून घिरट्या घालीत असतात. कामगार आता मानही वर करीत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत बातमी आली, की त्यांतले एक विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शिवारात उतरले. उतरले म्हणजे आपटलेच. विमान सेसना १५२ जातीचे, लहान. आत एकटी शिकाऊ वैमानिक मुलगी. गावकरी धावले. मुलगी किरकोळ जखमांवर वाचली.

कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बरे वाटले. पण लगेच एका फिटरने विचारले, "विमान केवढ्याचं असंल हो?" आणि दुसरा म्हणाला, "कितीचं का असंना, आता तिच्याकडनंच कापून घेणार." कोणी हसले नाही. हे बोलणे आमच्या डोक्यातून जाईना. म्हणून इंजिन बंद पडल्यावर माणूस कसा वाचतो, हे आम्ही शोधू लागलो.

पहिला गैरसमज आमचाच गेला. इंजिन थांबले की विमान दगडासारखे खाली येते, असे आम्ही धरून चाललो होतो. तसे नाही. ते घारीसारखे तरंगत उतरते. सेसना १५२ ला ताशी ६० नॉट, म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, ह्या वेगाने ठेवले, तर हजार फूट उंचीवरून ते अडीच-पावणेतीन किलोमीटर जाते. त्याला वेळ लागतो दीड मिनिट. एवढ्या अवधीत शेत निवडायचे, वारा बघायचा आणि विमान त्या दिशेला लावायचे. उड्डाण केल्याकेल्या इंजिन गेले, तर मागे वळून धावपट्टी गाठण्याचा मोह होतो. फार जण त्यातच मेले आहेत. कमी उंचीवर, कमी वेगात करकचून वळवले की पंख हवा सोडतात, आणि मग मात्र विमान खरोखर दगड होते. समोर जे शेत असेल ते आपले म्हणायचे.

शेत निवडणे हे शहरी माणसाला वाटते तितके सोपे नाही. आपल्याकडे बांध आहेत, उघड्या विहिरी आहेत, पंपाला वीज नेणाऱ्या तारा आहेत. तार वरून दिसत नाही, खांब दिसतो. म्हणून दोन खांबांच्या मध्ये तार आहेच असे समजावे लागते. नांगरट असेल तर तासांना आडवे उतरायचे नाही, तासांच्या बाजूने उतरायचे. वाऱ्याच्या तोंडावर उतरावे, म्हणजे जमिनीला लागताना वेग कमी पडतो. ह्या गोष्टी औत हाकलेल्या माणसाला दोन वाक्यांत कळतात. आमच्या वडिलांना आम्ही सांगितल्या, तेव्हा ते म्हणाले, "मग ह्यात नवं काय?"

नवे पुढे आहे. अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने वैमानिकांसाठी काढलेले एक पुस्तक आहे. संकटात वैमानिकाचा घात कोणती मनोवृत्ती करते, ते त्यात सांगितले आहे. संकट आले आहे हेच मन कबूल करीत नाही, ही एक. इजेची भीती हात गोठवते, ही दुसरी. आणि तिसरी, जी वाचून आम्ही पुस्तक खाली ठेवले, ती म्हणजे विमान वाचवण्याची इच्छा. विमानाला ओरखडा येऊ नये म्हणून माणूस जवळचे खडबडीत शेत सोडतो, लांबच्या गुळगुळीत रस्त्याच्या मागे लागतो, आणि दोन्ही हुकतात. ते पुस्तक स्पष्ट शिकवते, की पंख जाऊ देत, चाके जाऊ देत. ती मोडताना धक्का खातात, आणि तेवढा धक्का आतल्या माणसाचा वाचतो.

ह्याचा हिशेबही आहे. लहान विमानाची बैठक गुरुत्वाच्या नऊपट धक्क्यापर्यंत माणसाचे रक्षण करील अशा बेताने रचलेली असते. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारे विमान नऊपट धक्क्यातच थांबवायचे असेल, तर त्याला तीन मीटरपेक्षा कमी अंतर पुरते. तीन मीटर! म्हणजे या व्यासपीठाची रुंदी. पण वेग दुप्पट झाला की अंतर चौपट लागते, साडेअकरा मीटर. म्हणून वेग कमी ठेवायचा, पण पंख हवा सोडतील इतका नाही, आणि उरलेला वेग पिकात, मातीत, मोडणाऱ्या पंखांत जिरवायचा. टेकण्याआधी इंधन बंद, प्रज्वलन बंद, शेवटी विजेचा मुख्य खटका बंद. पट्टे घट्ट. आणि एक बारीकशी गोष्ट: दाराची कडी आधीच काढून ठेवायची, कारण सांगाडा वाकला की दार अडकते. कोणीतरी अडकलेल्या दारामागे गेला असेल, तेव्हा हे वाक्य लिहिले गेले.

ही विद्या शाळेतून आली नाही, जखमेतून आली. ह्यू डीहेवन नावाचा अमेरिकन तरुण १९१७ साली टेक्सासात ब्रिटिश हवाई दलाचा शिकाऊ होता. हवेत दोन विमाने आदळली. तो वाचला, पण त्याचे यकृत फाटले. त्याच्या ध्यानात आले, की जखम विमानाने केली नव्हती, त्याच्या स्वतःच्या पट्ट्याच्या टोकदार बकलाने केली होती. लोक म्हणत होते, नशीब बलवत्तर म्हणून वाचला. त्याने नशीब बाजूला ठेवून बकल हातात घेतले. १९४२ पासून कॉर्नेल विद्यापीठात त्याने अपघातातल्या इजांचा पद्धतशीर अभ्यास चालवला. पुढे मोटारींतले पट्टेही ह्याच अभ्यासाच्या वाटेने आले.

आता आमच्या घरची गोष्ट. १९९८ साली एका रबर कारखान्यात, नाव कशाला घ्या, दोन रोलरांच्या मिलवर एका हेल्परचा हातमोजा ओढला गेला. डोक्यावर मिल थांबवण्याची दोरी होती. जोडीदाराचा हात दोरीपर्यंत गेला आणि थबकला. फार नाही, दोनएक सेकंद. हेल्परची चार बोटे गेली. चौकशीत जोडीदाराला विचारले, उशीर का केलास? तो खाली मान घालून म्हणाला, "माल गेला असता साहेब." महिन्यापूर्वी ती दोरी ओढून माल वाया घालवल्याबद्दल दुसऱ्या एकाला मेमो मिळाला होता. त्या चौकशीत आम्ही जोडीदाराच्या शेजारी बसलो होतो. दोरी होती, नियम होता, भिंतीवर पाटीही होती. दोरी ओढल्यावर काय होते, एवढेच फक्त सगळ्यांना ठाऊक होते.

विमानवाल्यांचा आम्ही गौरव करीत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामतीजवळच चार दिवसांत एकाच संस्थेची दोन शिकाऊ विमाने पडली आणि सरकारला तिचे प्रशिक्षण थांबवावे लागले. पण आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या कराराचे तेरावे परिशिष्ट म्हणते, की अपघाताची चौकशी पुन्हा अपघात होऊ नये एवढ्यासाठीच करायची, दोष कोणाच्या माथी मारायला नव्हे. आम्ही हे वाचले त्या रात्री आम्हांला झोप आली नाही. पंचवीस वर्षे आम्ही चौकश्यांना बसलो. एकीतही कोणी असे बोलले नव्हते.

तेव्हापासून प्रत्येक करारात आम्ही एक कलम मागतो: जीव वाचवण्यासाठी यंत्र थांबवले, तर झालेल्या नुकसानाबद्दल कामगारावर कारवाई नाही. दोन ठिकाणी ते मिळाले. बारामतीत अजून अडले आहे. व्यवस्थापनाचे म्हणणे, ह्याचा गैरफायदा घेतला जाईल. गेल्या बैठकीत तो कॅन्टीनमधला फिटर आमच्याबरोबर होता. त्याने साहेबांना विचारले, "साहेब, त्या पोरीनं विमान मोडलं, ते गैरफायदा म्हणून का?" साहेबांनी चहा मागवला. पुढची तारीख सोमवारची आहे.